आवोच्या लॉकरमधल्या पुरचुंड्या

टाकोराडी, ७ फेब्रुवारी १९९४

एबो,

तुझी तब्येत विचारत नाही. परवा फोनवर बेनयिनमामाशी अर्धा तास हसत होतास म्हणे, म्हणजे उत्तमच असणार.

आईचं सगळं पार पडलं. सगळा बाजार ‘आमची आवो गेली’ म्हणत आला होता. तू पाठवलेल्या पैशांतून बँड आला, पितळी कड्यांची शवपेटी आली आणि व्हिडिओवालाही आला. तो दिवसभर माझ्या तोंडासमोर दिवा धरून उभा होता. हामबुर्गला भावाला दाखवायचंय, जरा इकडे बघून रडा, म्हणाला. मी त्याला अंगणाबाहेर काढला. कॅसेटमध्ये मी फारशी दिसले नाही तर कारण हे आहे. मुलगा यायच्या ऐवजी कॅमेरा येतो, हे मला तरी नवीन होतं.

आता बँकेचं. आईच्या लॉकरची किल्ली आणि मृत्यूचा दाखला घेऊन मी गेले. आन्कोमा म्हणून मॅनेजर आहेत. त्यांनी उठून खुर्ची दिली, आईबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि मग किल्ली माझ्यासमोर तशीच परत सरकवली. खातेदार वारला की बँक लॉकर बंद करते. नुसती किल्ली चालत नाही. कोर्टाचा वारस दाखला आणायचा, त्यावर ज्यांची नावं असतील त्या सगळ्यांनी एका वेळी हजर राहायचं, मग बँकेची किल्ली आणि आपली किल्ली दोन्ही लावून उघडणार, आतल्या वस्तूंची नोंद होणार, आणि बाहेर काय न्यायचं त्यावर सगळ्यांच्या सह्या. एकाचीही सही नसेल तर पुन्हा कुलूप.

म्हणजे तुझी सही. आई माझ्या हातावर गेली, दुकान मी उघडते, मी बंद करते, तिचे पाय मी चेपले, आणि सही मात्र तुझी. कायदा आहे, मी काय बोलणार. वकील श्रीमती क्वांसा यांचा कागद सोबत जोडला आहे. वकिलातीत जाऊन त्यावर शिक्का घे आणि पाठव.

लॉकरमध्ये काय आहे, हा तुझा पहिला प्रश्न होता. आई कशी गेली हा दुसरा. असेल काहीबाही. जुनं बायकी सामान. तू त्याची काळजी करू नकोस, सही कर.

एकुआ


टाकोराडी, २१ मार्च १९९४

एबो,

मी तुझी सही मागितली होती, तू मामा पाठवलास.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी दुकानात कापडाचे गठ्ठे लावत होते, तर बेनयिनमामा तू पाठवलेल्या त्या ओपेल गाडीतून उतरले. हातात तुझं मुखत्यारपत्र, जर्मन शिक्क्यासकट. एबोच्या वतीनं सगळे व्यवहार मी करणार, म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. आजूबाजूच्या दुकानदारांनी माना डोलावल्या. आईच्या घराण्यात मामाचाच शब्द शेवटचा, त्यात कुणाला वावगं दिसत नाही. आई तापानं फणफणत होती तेव्हा घराण्याचा हा शब्द सेकोंडीहून टाकोराडीला आला नाही, तेवढं फक्त मला दिसलं.

आता कोर्टाच्या दाखल्यावर दोन नावं आली आहेत. माझं, आणि तुझ्या वतीनं मामांचं. पुढच्या मंगळवारी लॉकर उघडणार. म्हणून मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहिते. तेव्हा लिहिलं असतं तर तू त्याच संध्याकाळी मामांना फोन केला असतास.

लॉकरमध्ये आईचं काही नाही.

एकोणऐंशी साली सत्ता घेतलेले सैनिक, बायका चढ्या भावानं विकतात म्हणून, बाजारात शिरले होते, तू लहान होतास. तुला दुकानाच्या मागे मिरच्यांच्या पोत्यांमध्ये बसवलं होतं. आपलं कापड रस्त्यावर फेकून एकेक वार लोकांना वाटलं, आईच्या पाठीवर चाबकाचे वळ उठले. इतर बायकांच्या घरी जाऊन गाद्या फाडल्या, पेट्या उचकटल्या. त्यानंतर कुणी अंगावर गुंजभर सोनं घालेना. ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. घरात ठेवावं तर सैनिक. सैनिक गेले तर नवरा. नवरा मेला तर दिरांची पलटण दारात, भांडीसुद्धा उचलून नेणारी. बँकेत जायची त्या बायकांना भीती वाटायची. मिशनच्या शाळेत चार वर्षं गेलेली आणि सही करता येणारी एकटी आई होती. तिनं लॉकर घेतला.

बायका एकेक करून यायच्या. कानातलं, मणी, आपल्या आईकडून मिळालेली साखळी, जे असेल ते देऊन जायच्या. आई दुकानातल्या कापडाची एक चिंधी त्यांनाच निवडायला लावायची, त्यात ते बांधायची आणि लॉकरमध्ये ठेवायची. कुठे काही लिहिलं नाही. आपली पुरचुंडी कसल्या कापडाची, एवढं त्या बाईनं लक्षात ठेवायचं. पाखरांच्या छापाची, पंख्यांच्या, निळ्या विहिरींच्या. मुलीचं लग्न निघालं की यायच्या, चिंधी सांगायच्या, घेऊन जायच्या.

इस्पितळात शेवटच्या दिवशी आई शुद्धीवर आली ती हे बोलायला. "बँकेतलं बायकांचं आहे. जिचं तिला दे. आणि गाठ सोडून बघू नकोस." तुझं नाव तिनं त्याआधी घेतलं होतं. काय म्हणाली ते सांगणार नाही.

मामांना एक फोन कर. मंगळवारच्या आत. एवढंच मागते.

एकुआ


टाकोराडी, ३० मार्च १९९४

एबो,

तू फोन केलास. मामांना म्हणालास, एकुआ बायकांच्या गोष्टी सांगतेय, तुम्ही आपलं जे असेल ते ताब्यात घ्या. मामांनीच हसत हसत सांगितलं मला, बँकेच्या पायरीवर.

तर काल काय झालं ते ऐक.

तळघरात आम्ही चौघं होतो. मी, मामा, आन्कोमासाहेब आणि नोंद करायला त्यांची एक कारकून मुलगी. आत उकडत होतं. दोन्ही किल्ल्या लागल्या, लांबट पत्र्याचा डबा बाहेर आला आणि टेबलावर ठेवला. झाकण उघडलं, तर आत पुरचुंड्याच पुरचुंड्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या, पिवळ्या, निळ्या, लाल. कापूर आणि आईच्या दुकानाचा वास आला.  मामांचा हात आधीच डब्यात होता.

मी साहेबांना सांगितलं की या अशाच मोजा, सोडू नका, ही लोकांची ठेव आहे. ते बिचारे घाम पुसत म्हणाले, बाई, आत काय आहे ते न लिहिता मी नोंद कशी करू. तोवर मामांनी एक सोडली, दुसरी सोडली. चिंध्या एका बाजूला फेकल्या आणि दागिने एका ढिगात ओतले. कळतंय का तुला? कुणाची वस्तू कुठली हे सांगणारी एकच खूण होती, चिंधी. ती त्यांनी वेगळी केली. एका पुरचुंडीतून पितळेची अंगठी निघाली. मामांनी ती दिव्याखाली धरली आणि हसले. "हेही बँकेत ठेवतात का?" म्हणाले. त्या कारकून मुलीनं मान खाली घातली.

मी डब्यावर दोन्ही हात पसरून आडवी झाले. खरंच झाले. दंडाला पत्रा लागून रक्त आलं. आता सोडायची असेल तर माझ्या हातावरून सोडा, म्हटलं. साहेबांनी मामांना थांबवलं. उरलेल्या पुरचुंड्या न सोडता, नुसत्या चिंधीच्या रंगावरून नोंदल्या.

सोडलेल्या शेवटच्या पुरचुंडीतून एक जाड हार निघाला होता. मामांनी खिशातून आईचा फोटो काढला, मासेमारी बंदी उठायच्या उत्सवातला, तुझ्याही भिंतीवर आहे तो. आईच्या गळ्यात तोच हार. "हा माझ्या बहिणीचा. आता बोल," म्हणाले. साहेब माझ्याकडे बघायला लागले.

तो हार मासेवाल्या ताचीवाचा आहे, एबो. धूर दिलेले मासे विकते ती, आईची मैत्रीण. तुझ्या वयाचा मुलगा होता तिला, बोटीवर गेला तो आला नाही. उत्सव आला की ती आईबरोबर बँकेत जायची, हार बाहेर काढायची आणि तो आईच्या गळ्यात घालायची. बाजाराची पुढारीण मोकळ्या गळ्यानं मिरवणुकीत कशी चालेल, म्हणायची. आईचा स्वतःचा हार मी माझ्या हातानं सोनाराच्या तराजूत ठेवला होता, ज्या वर्षी तू हामबुर्गचं विमान पकडलंस. तुला सांगायचं नाही असं आईनं बजावलं होतं. आता ती नाही आणि मी सांगते आहे.

मी सही केली नाही. मामांनीही केली नाही. डबा पुन्हा आत गेला. आता तो तुमचाही नाही, आमचाही नाही, बँकेच्या पोटात आहे. ज्या बायका म्हाताऱ्या होत चालल्यात त्यांना हे मी कुठल्या तोंडानं सांगू, तेवढं लिहून पाठव.

एकुआ


टाकोराडी, १९ मे १९९४

एबो,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. बहिणीला टाइप करून लिहिणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच.

तू लिहितोस की अंत्यविधीला तुझा खर्च झाला, तो निघायला हवा. अर्धं सोनं घराण्याकडे येऊ दे, अर्धं तुझ्या बायकांना वाट. माझ्या बायका. जणू मी कोंबड्या पाळल्यात. कुणी बँड मागितला होता तुझ्याकडे? कुणी पितळी कडी मागितली होती? आईला साध्या फळ्यांत पुरलं असतं आणि तू खड्ड्याशी उभा असतास, तर सगळा बाजार तुझं नाव काढत राहिला असता.

गेल्या महिन्यात मान्सा गेली. सुकी भेंडी विकायची, तू तिला चिडवायचास. तिला दर्शनाला मांडली तेव्हा अंगावर स्वतःचा एक मणी नव्हता. तिचे मणी लॉकरमध्ये, हिरव्या पानांच्या चिंधीत. तिची मुलगी माझ्याकडे आली होती, भांडायला नाही, नुसतं विचारायला, की एका दिवसापुरते मिळतील का. आईला घालते आणि परत आणून देते, म्हणाली. मी नाही म्हटलं. मला नाही म्हणावं लागलं, तुझ्यामुळे. शेजारणीच्या खोट्या माळा घालून मान्साला मांडली. लोक बघून गेले आणि बाहेर जाऊन बोलले.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बायका शोकाची लाल कापडं नेसून सेकोंडीला गेल्या. मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. भाड्याची एक अख्खी ट्रोट्रो व्हॅन भरून गेल्या आणि मामांच्या दाराशी रस्त्यावर बसल्या. ओरडा नाही, शिव्या नाहीत. दुपारपर्यंत बसल्या. मामांच्याच घरातल्या मुली त्यांना पाणी देऊ लागल्या. शेवटी मामा बाहेर आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, मी काय करू, मी नुसता एबोचा हात आहे, डोकं तिकडे हामबुर्गला आहे. खरं की खोटं ते तुम्ही दोघं बघा. पण त्यांनी तुझा नंबर दिला.

म्हणून तो परवाचा फोन. टेलिफोनच्या दुकानात मी उभी होते, नंबर मी लावला, पण बोलायला ताचीवा पुढे झाली. तू काय बोलत होतास ते मला ऐकू आलं नाही. ती काय बोलली ते सगळं ऐकलं. ती तुझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडावं अशी माझी इच्छा होती. तिनं आधी विचारलं, तिकडे थंडी किती. मग म्हणाली, "एबो, तो हार तू ठेव. तुझ्या आईच्या गळ्यात शोभायचा, तुझाच समज. बाकीच्यांचं सोडून दे, बाबा."

 दुकानदारानं घड्याळाकडे बोट दाखवलं.

मग ती म्हणाली, "तुझ्या आईनं इतक्या वर्षांत एकदाही गाठ सोडून बघितली नाही." आणि फोन माझ्या हातात दिला.  बोलले असते तर ते तारेतून हामबुर्गपर्यंत जळत आलं असतं. मी फोन ठेवला.

बाहेर आल्यावर मी ताचीवाशी भांडले. रस्त्यात, भर गर्दीत. हार कुणाला विचारून दिलास, म्हटलं, तो त्याला का, त्यानं काय केलं म्हणून. ती परातीतल्या माशांवरचा कागद सारखा करत राहिली. मग म्हणाली, मला मूल राहिलं नाही, हार कुणाला द्यायचा होता मी? एबो, तुला हेही कळू दे. तुला सगळंच कळू दे, तिकडे बसल्या बसल्या.

एकुआ


टाकोराडी, ११ ऑगस्ट १९९४

एबो,

कागद पोचला. मामांचं मुखत्यारपत्र रद्द, सगळं बहिणीच्या हवाली, वकिलातीचा शिक्का. सोबत एक ओळ नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

श्रीमती क्वांसांनी तो कोर्टात दाखल केला. बायकांनी आपापल्या चिंधीचं वर्णन सांगून, अंगठा उठवून प्रतिज्ञापत्रं केली. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी नोंदीतले रंग आणि बायकांचे शब्द ताडून बघितले, मग आन्कोमासाहेबांना विचारलं की बँकेची हरकत आहे का. ते उभे राहून म्हणाले की नाही, आणि मला हे अगोदर कळलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या शुक्रवारी वाटप झालं. आपल्या दुकानात, दार लावून. त्याबद्दल गोड गोड लिहावं असं तुला वाटत असेल, तर नाही. न सोडलेल्या पुरचुंड्यांचं सोपं होतं. बाई चिंधी सांगायची, मी हातात द्यायची, ती पदराआड घेऊन निघून जायची. पितळेची अंगठी जिची होती तिनं तिथेच बोटात घातली. पितळेची आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मान्साच्या मुलीनं मणी घेतले आणि माझ्याकडे न बघता गेली. तिला मी दोष देत नाही.

पण मामांनी जो ढीग केला होता, त्यातल्या एका पिळाच्या साखळीवर दोघींनी हात ठेवला. बाजारातल्या बांबूच्या ताटीपाशी बसणारी आफ्राबा आणि मिठाची व्यापारीण साकी. दोघी शपथ घ्यायला तयार. दोघी माझ्या मते खरं बोलत होत्या, कारण दोघींच्या साखळ्या होत्या आणि एक मामांच्या हातून कुठे गेली ते देव जाणे. नोंद व्हायच्या आधी ढीग त्यांच्या पुढ्यात होता. मी विचारायला सेकोंडीला गेले. मामांनी मला दारातच उभं केलं. शेवटी साखळी आफ्राबाला मिळाली आणि साकी माझ्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवते. तीस वर्षं दोघी शेजारी बसून विकत होत्या. आता मध्ये बटाटेवाली बसते. हे तुझ्या नावावर लिहून ठेव, मामांच्या नाही. चालवली त्यांनी, पण गाडी तुझी होती.

हार ताचीवानं घेतला नाही. दिलेला शब्द परत घेत नाही, म्हणते. मी तिच्या मागे लागले, तिच्यावर रागावले, तिच्या घरी जाऊन उशाखाली ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तो माशांच्या टोपलीतून माझ्याकडे परत आला, वर एक मासाही होता. म्हणजे हार तुझा आहे. लॉकरमध्ये आहे. पाखरांच्या चिंधीत, ताचीवाच्याच.

हो, लॉकर. रिकामा डबा परत करायला मी सोमवारी बँकेत गेले होते. आदल्या दिवशी चर्चच्या आवारात एक तरणी बाई आली, मी तिला ओळखत नव्हते. बोंड्याची गाडी लावते, नवरा पितो आणि मारतो. तिनं इकडेतिकडे बघून माझ्या हातात गाठ मारलेला रुमाल दिला आणि विचारलं, तुमच्या आई ठेवायच्या तसं तुम्ही ठेवता का. मी तिला चिंधी निवडायला दुकानात बोलावलं. मग बँकेत जाऊन डबा परत न करता माझ्या नावानं करून घेतला.

पण आईसारखं करणार नाही. ती सगळं डोक्यात ठेवून गेली आणि मागे आपण भांडलो. आन्कोमासाहेबांनी नवा नियम सांगितला, सोबत दुसरं नाव घालता येतं, म्हणजे एक गेली तर दुसरी त्याच दिवशी उघडू शकते, कोर्ट नको, मामा नकोत. भाऊ आहे ना तुम्हाला, म्हणाले, आणि पेन तुझं नाव लिहायला टेकवलंसुद्धा. मी म्हटलं, भाऊ आहे. नाव मान्साच्या मुलीचं लिहा. ती आली, सही केली. माझ्याशी बोलली नाही, पण आली.

डिसेंबरात येतो असं तू मामांना कळवलंस म्हणे. मला नाही, मामांना. ये. तुझी खोली झाडून ठेवीन, मक्याचं केंके आणि तळलेला मासा मिळेल, आईच्या कबरीवर सिमेंट घालायचं राहिलंय ते तुझ्या हातानं घाल. मी बोलेन की नाही ते आत्ता सांगता येत नाही. पण आल्या आल्या आधी ताचीवाकडे जा. हार पाहिजे असेल तर तिच्याकडे तोंडानं माग, मी उभी राहून ऐकेन. आणि नको असेल, तर तेही तिलाच सांग. कागदावर सही करून पाठवू नकोस.

एकुआ